‘एवढं जरा करून द्या ना’: फ्रीलान्सरने वाढत्या कामाला हद्द कशी घालावी

नाशिकमध्ये फ्रीलान्सरकडे काम येतं ते बहुतेक वेळा ओळखीतून. सातपूरच्या एका कारखानदाराची वेबसाइट केली की त्यांचे व्याही द्राक्षनिर्यातीचं कॅटलॉग करायला सांगतात आणि त्यांच्याकडून कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लिनिकचा फोन येतो. ओळखीमुळे पहिल्या भेटीतच विश्वास असतो. त्याच विश्वासापोटी कुणी काही लिहून मात्र घेत नाही. मग पाच पानांची वेबसाइट हळूहळू अकरा पानांची, दोन भाषांची, ऑनलाइन बुकिंगवाली होते आणि पैसे पाच पानांचेच राहतात. आपल्या धंद्यात याला ‘स्कोप क्रीप’ म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक ग्राहक आपल्याला लुबाडायला बसलेले नसतात. ‘त्यात मराठीपण टाका’ म्हणजे तीन दिवसांचं काम आहे, हे त्यांना खरोखरच माहीत नसतं. ते सांगायची जबाबदारी आपली आहे, आणि मागणी आली त्याच दिवशी सांगावं लागतं. महिन्याने सांगितलं तर तीच रक्कम ग्राहकाला दगा वाटते.

कोटेशन देण्याआधी

‘किती पानं हवीत?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, हे कशासाठी करताय? त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या हॉटेलमालकाला २०२७ च्या सिंहस्थाआधी वेबसाइट हवी असेल, तर तो तोंडाने ‘पाच पानं’ म्हणाला तरी त्याच्या मनात खोल्यांचं बुकिंग, हिंदी मजकूर आणि आगाऊ पैसे घेण्याची सोय आहे. आत्ता विचारलं नाही, तर या तिन्ही गोष्टी एकेक करून नंतर येतील, आणि प्रत्येक वेळी ‘हे तर असणारच ना?’ असं म्हणत येतील.

दुसरा प्रश्न: फायनल कोण करणार? आपल्याकडे कुटुंबाचा धंदा असला की बोलणी मुलगा करतो, रंग सून ठरवते आणि सगळं झाल्यावर वडील येऊन म्हणतात, ‘हे काही जमलं नाही.’ यात वडिलांची चूक नाही, त्यांना कुणी आधी दाखवलेलंच नसतं. म्हणून पहिल्या भेटीतच म्हणावं, ‘दादा, शेवटचा शब्द काकांचा असेल तर पहिलं डिझाइन दाखवताना त्यांनाही बसवू या.’ या एका वाक्याने पुढचे दोन-तीन फेरे वाचतात.

मजकूर आणि फोटो कोण देणार, कधी देणार, हेही तेव्हाच विचारा. ‘तुम्हीच काहीतरी लिहून टाका’ असं उत्तर आलं, तर लेखन हे वेगळं काम आहे आणि त्याची वेगळी ओळ कोटेशनमध्ये यायला हवी.

कागदावर काय यावं

‘वेबसाइट डिझाइन – ₹४०,०००’ अशी एका ओळीची कोटेशनं मी खूप पाहिली आहेत. या ओळीत काहीही बसतं, त्यामुळे वाद झाला तर ती कुणाच्याच कामाची नाही. त्याऐवजी असं लिहा (आकडे उदाहरणादाखल आहेत):

> पाच पानं: मुख्य पान, आमच्याविषयी, खोल्या, फोटो, संपर्क. भाषा इंग्रजी. मोबाइलवर नीट दिसेल. चौकशीचा फॉर्म, नकाशा आणि व्हॉट्सॲपचं बटण. मजकूर आणि फोटो ग्राहक देईल. डिझाइनमध्ये करेक्शनच्या दोन फेऱ्या. एकूण ₹४०,०००, जीएसटी लागू असल्यास वेगळा.
>
> यात नाही: मजकूर लिहिणं, भाषांतर, फोटोग्राफी, लोगो, ऑनलाइन पेमेंट, डोमेन आणि होस्टिंगचा खर्च, वेबसाइट सुरू झाल्यावर ३० दिवसांनंतरचे बदल.
>
> वाढीव कामाचे दर: जादा पान ₹३,०००. करेक्शनची जादा फेरी ₹२,५००. इतर काम ₹६०० तास, आधी अंदाज देऊन आणि होकार घेऊनच.

‘यात नाही’ हा परिच्छेद बरेच जण टाळतात. ग्राहकाला ते खुपेल, अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. ती यादी वाचून ग्राहक तिथल्या तिथे म्हणतो, ‘अरे, पेमेंट तर लागेलच.’ मग तो आकडा कोटेशनमध्ये चढतो आणि भांडणाचं एक कारण काम सुरू होण्याआधीच संपतं.

वाढीव कामाचे दर आधीच छापलेले असण्याचाही मोठा फायदा आहे. मागणी आली की भाव ठरवायला बसावं लागत नाही, कागदाकडे बोट दाखवता येतं. तासाचा दर ठरवताना महिन्याचे सगळे तास धरू नका. फोन, भेटी, बिलं, नवी चौकशी यांत बराच वेळ जातो. महिन्याला ₹६०,००० हवे असतील आणि बिल लावता येतील असे तास शंभरच निघत असतील, तर दर ₹६०० होतो. त्याखाली जाऊन केलेलं प्रत्येक वाढीव काम आपल्या खिशातून जातं.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. काही गोष्टी कोटेशनमध्ये लिहिल्या नसल्या तरी त्या आपल्याच असतात. वेबसाइट मोबाइलवर फाटते, फॉर्म भरला तरी ईमेल जात नाही, पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षिततेचं कुलूप दिसत नाही. जाणकार माणसाने हे गृहीत धरायला हवं होतं. त्याचे वेगळे पैसे मागू नयेत. तिथे मागितले तर पुढे रास्त रक्कम मागतानाही आपल्या शब्दाला वजन राहत नाही.

करेक्शनच्या फेऱ्या

‘दोन फेऱ्या’ असं नुसतं लिहून भागत नाही. फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळे बदल एकत्र, एकाच यादीत, एकाच माणसाकडून, लिहून. सकाळी एक फोटो, दुपारी एक व्हॉइस नोट, रात्री पार्टनरचा फोन असं आलं की आपली मोजदादच संपते. व्हॉइस नोट आली तर ती ऐकून मुद्दे टाइप करा आणि परत पाठवा: ‘काका, तुमच्या बोलण्यातून हे चार बदल मला समजले. आणखी काही असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत यातच जोडा, मग सगळे एकदम करतो.’ यात कुणाला अडवलं असं होत नाही, आणि फेरी मोजता येते.

ग्राहकाने व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यात चौघे असले, तर ग्रुपवरच आदराने लिहा की बदलांची अंतिम यादी अमुक दादांकडून येईल. दोघांच्या सूचना एकमेकींच्या विरुद्ध असतील तर त्यातली एक आपण निवडू नये. ते त्यांनी घरात ठरवावं.

छापील कामात आणखी जपावं लागतं. गंगापूर रोडवरच्या बिल्डरचं ब्रोशर घ्या. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता लागतो, आणि महारेराने ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. हा मजकूर पुरवायचा कुणी आणि तपासायचा कुणी, हे कोटेशनमध्ये नसेल तर छपाई झाल्यावर सापडलेली उणीव डिझायनरच्या गळ्यात पडते. म्हणून एक ओळ घालाच: ‘कायद्याने लागणारा मजकूर, क्रमांक आणि कोड ग्राहक देईल आणि छपाईआधी तपासून लेखी मंजुरी देईल.’ आणि ती मंजुरी खरंच घ्या. ‘फायनल आहे, छापायला द्या’ एवढा मेसेजही पुरेसा असतो, पण तो असायला हवा.

पैशांचे टप्पे

अर्धे आधी, तीस टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, वीस टक्के वेबसाइट सुरू होण्याआधी. छोट्या कामाला ही विभागणी चालते. शेवटचा हप्ता ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं कधीही लिहू नका, कारण काम वाढत राहिलं की ‘पूर्ण’ हा दिवस येतच नाही. मजकूर देण्यात ग्राहकाकडून पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर झालेल्या कामाचं बिल तेव्हाच निघेल, हेही त्यात असू द्या. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की द्राक्षवाले ग्राहक बागेत अडकतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण आपलं घरही त्या महिन्यात चालायचं असतं.

मागणी येते तेव्हा

इथेच सगळं ठरतं, म्हणून सविस्तर सांगतो.

फोनवर ‘हो, करून टाकतो’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. लगेच ‘नाही’ही म्हणू नका. ‘बघतो आणि संध्याकाळी कळवतो’ एवढंच म्हणा. मग कोटेशन उघडा आणि मागणी कशात बसते ते ठरवा. आपली चूक किंवा आपल्याकडून राहिलेलं असेल तर निमूटपणे, लगेच आणि फुकट करा. दहा-पंधरा मिनिटांचं असेल, फोन नंबर बदलण्यासारखं, तर करा, पण त्याची नोंद ठेवा. नवं काम असेल तर त्याच संध्याकाळी लिहून कळवा.

नोंद ठेवा म्हणजे नेमकं काय, तर फुकट केलेलं कामही बिलावर लिहा. ‘जादा फोटो गॅलरी, ₹१,८००, सवलत ₹१,८००, शून्य.’ ग्राहकाला कळतं की या कामाला किंमत होती आणि ती आपण सोडली. तोंडी सोडलेली रक्कम महिन्याभरात विसरली जाते आणि पुढच्या वेळी ती हक्काची होते.

नव्या कामाचा मेसेज कसा असावा? हॉटेलवाल्या दादांनी मराठी आवृत्ती मागितली असं धरू. पाच पानांचा मराठी मजकूर बसवणं, देवनागरी फाँट निवडणं, ओळींमधलं अंतर पुन्हा जुळवणं, भाषा बदलायचं बटण, मग मोबाइलवर सगळं तपासणं, असे अठरा तास निघतात. म्हणजे ₹१०,८००.

> ‘दादा, मराठी आवृत्तीचा विचार चांगला आहे, नाशिकचे आणि खानदेशातले पाहुणे त्यातूनच जास्त चौकशी करतील. आपल्या कोटेशनमध्ये फक्त इंग्रजी धरलं होतं. मराठीचे ₹१०,८०० होतील, भाषांतर तुमच्याकडून, आणि सुरू करायची तारीख सहा दिवस पुढे जाईल. दुसरा मार्ग: फोटोचं पान आत्ता सोडू आणि मुख्य पान व संपर्क एवढंच मराठीत करू, आधी ठरलेल्याच पैशांत बसेल. तिसरा: आत्ता इंग्रजी सुरू करू आणि मराठी पुढच्या महिन्यात वेगळं घेऊ. तुम्ही सांगाल तसं.’

या मेसेजमध्ये कुठेही ‘नाही’ नाही. तीन वाटा आहेत, प्रत्येकीची किंमत किंवा वेळ सांगितली आहे, आणि निवड ग्राहकाची आहे. दुसरी वाट, म्हणजे एक काम काढून दुसरं घालायची, आपले लोक फार कमी वापरतात. खरं तर ज्याचं बजेट ठरलेलं आहे त्याला तीच सर्वांत सोयीची पडते.

तारीख सांगायला विसरू नका. पैसे कबूल करणारा ग्राहकही ‘पण दसऱ्यालाच सुरू झालं पाहिजे’ म्हणतो. वाढीव कामाने दिवसही वाढतात, हे त्याच मेसेजमध्ये आलं पाहिजे. आणि होकार लेखी येईपर्यंत कामाला हात लावू नका. ‘सुरू करा, बघू नंतर’ हा होकार नव्हे. त्यावर शांतपणे लिहा, ‘₹१०,८०० आणि सहा दिवस, ठीक आहे असं एकदा कळवा, लगेच सुरू करतो.’

समजावताना ग्राहकाच्याच धंद्यातली भाषा वापरा. अंबडच्या मशीन शॉपवाल्याला ‘डिझाइन मंजूर झाल्यावर बदल’ म्हटलं तर तो हसून सोडून देईल. ‘साहेब, ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, जुन्या रिव्हिजनप्रमाणे जॉब तयार झाले होते’ म्हटलं की त्याला पुढचं सांगावं लागत नाही, कारण असा जॉब तो स्वतःही फुकट करत नाही. पिंपळगावच्या द्राक्षनिर्यातदाराला माहीत असतं की पाच किलोच्या पेटीत अर्ध्या किलोचे पनेट (छोटे डबे) भरून झाल्यावर खरेदीदाराने पॅकिंग बदललं, तर मजुरी दुसऱ्यांदा लागते. बांधकामवाल्याला ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हटलं की पुरे. या सगळ्यांच्या धंद्यात वाढीव कामाचे पैसे घेण्याची रीत आधीपासून आहे. आपलं काम संगणकाच्या पडद्यावर चालतं म्हणून त्यांना ते दिसत नाही, एवढंच.

नात्यातला ग्राहक असेल तर? सवलत द्यायची असेल ती सुरुवातीलाच, आकड्यात द्या. ₹४०,००० चे ₹३२,००० करा, पण कामाची यादी आणि जादा दर तेच ठेवा. मामांना किंमत कमी करून देता येते. हद्द नसलेलं काम दिलं तर पैसे आणि जाणं-येणं, दोन्ही अवघड होतं.

काम आधीच वाढून बसलं असेल तर

हा लेख वाचणाऱ्या अनेकांचं एखादं काम आज याच अवस्थेत असेल. एक संध्याकाळ काढा. व्हॉट्सॲप आणि ईमेल सुरुवातीपासून चाळा आणि दोन रकाने करा: ठरलं काय होतं, झालं काय. प्रत्येक जादा गोष्टीपुढे ती कुणी, कोणत्या तारखेला मागितली ते लिहा. भाव-भावना नकोत, फक्त नोंद.

मग मागच्या सगळ्याचे पैसे मागायचे का? मी मागणार नाही. जे आपण न बोलता करून दिलं, त्याचं बिल आता लावलं तर ग्राहकाला तो धक्का असतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचंही नसतं. आजपासून रेघ ओढा. समोर बसून बोलणं जमलं तर उत्तम, नाहीतर फोन, आणि त्यानंतर लगेच लेखी:

> ‘मॅडम, आपण पाच पानं ठरवली होती, आज अकरा आहेत. ही यादी सोबत जोडली आहे. आतापर्यंतचं मी आहे त्या रकमेत देतो. आता राहिलेल्या तीन गोष्टी आणि यापुढचे बदल यांचे दर खाली दिले आहेत. तुमचा होकार आला की सुरू करतो. ठरलेल्या कामाची बाकी रक्कम या शुक्रवारपर्यंत मिळावी.’

बहुतेक जण इथे समजून घेतात. काही चिडतात, ‘तुम्ही आधी बोलला नाहीत’ म्हणतात. ते मान्य करा, ‘बरोबर आहे, म्हणून मागचं लावत नाही’ असं म्हणा आणि दर बदलू नका. यादी समोर असूनही कुणी बाकी अडवून आणखी काम मागत असेल, तर ठरलेलं काम पूर्ण करून द्या आणि नवं घेऊ नका.

सोशल मीडियाचं महिन्याचं काम

इथे काम पोस्टमध्ये मोजा: महिन्याला बारा पोस्ट, दोन रील, रीलचं शूटिंग वेगळं. उरलेल्या पोस्ट पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत. आणि वर्षाच्या सुरुवातीलाच सणांची यादी ग्राहकाकडून टिकमार्क करून घ्या. रंगपंचमीला नाशिकमध्ये रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असतं, पण ‘पोस्ट हवी’ हे त्याला आदल्या रात्री आठवतं. यादीत नसलेली, चोवीस तासांच्या आत मागितलेली पोस्ट दीडपट दराने, असं लिहिलेलं असलं की आदल्या रात्रीचे फोन आपोआप कमी होतात.

कायद्याचा आधार

कोर्टात जायची वेळ येऊ नये, पण आपली बाजू ठाऊक असावी. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. अडचण असते ती पुराव्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मुळे केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, त्यामुळे ईमेलवरचा किंवा व्हॉट्सॲपवरचा होकार जपून ठेवा. करार कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ एखाद्याने घेतला, तर त्याने त्याची भरपाई द्यायला हवी. म्हणूनही बिलावर प्रत्येक जादा कामाची किंमत दिसणं महत्त्वाचं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी करा, काम सुरू होण्याआधीच करा. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. शिवाय एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीमुळे ही मुदत चुकवणाऱ्या ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावट म्हणून मिळत नाही. त्याच्या सीएला हे पक्कं माहीत असतं, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

‘ओपन फाइल (म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल) पण द्या’ ही मागणीही वाढीव कामच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने तयार केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः असतो (फोटो, चित्र, फिल्म अशा मोबदला देऊन करून घेतलेल्या काही प्रकारांना अपवाद आहे), आणि हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी लागतं. म्हणून ओपन फाइल आणि हक्क द्यायचे की नाही, कितीला, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावरच, हे कोटेशनमध्ये आधी लिहा.

काम सोपवताना

वेबसाइट सुरू झाली, फाइल दिली, की त्याच दिवशी एक ईमेल जाऊ द्या. काय काय दिलं त्याची यादी, पासवर्ड वेगळ्या मार्गाने पाठवल्याची नोंद, आणि ‘आजपासून ३० दिवस आमच्याकडून राहिलेल्या चुका विनामूल्य दुरुस्त होतील, त्यानंतरचे बदल ₹६०० तास किंवा वार्षिक देखभालीत’ ही ओळ. सोबत देखभालीचं कोटेशन जोडा आणि त्यात वर्षाला किती तास आहेत ते स्पष्ट लिहा. सहा महिन्यांनी ‘खोलीचे दर बदललेत, तेवढं टाका’ असा फोन आला, तर हा ईमेल पुढे पाठवून विचारा, ‘दादा, तासावर करू की वार्षिक घेऊ या?’